वय काय होतं तेव्हा?

परवा दुपारी भाची शेजारी लोळून फोनवर गाणी ऐकत होती. ऐकत होती म्हणजे काय, गाणं सुरू झालं की बोटाने पुढे सरकवायची, मधलाच एक तुकडा ऐकायची, पुन्हा मागे, पुन्हा तोच तुकडा, की दुसरं गाणं. सगळं हिपहॉप, म्हणजे तालावर भराभर शब्द म्हणायचे ते रॅपवालं संगीत. मुळात गाणीच जेमतेम दोन-अडीच मिनिटांची, त्यातलंही चिमूटभर. न राहवून म्हटलं, "अगं, सुरुवात तरी ऐक." मान वर न करता म्हणाली, "मावशी, सुरुवातीत काही नसतं."

'आमच्या वेळचं हिपहॉप' हे माझं ठरलेलं कीर्तन ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कूल हर्क आठवला आणि कीर्तन घशातच राहिलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला हा डीजे. सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ ला बहिणीने पार्टी ठेवली आणि तबकड्या लावायला याला बसवलं. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून आज जग तीच तारीख पाळतं. त्याने काय हेरलं होतं? नाचणारी पोरं गाण्यातल्या एकाच जागेची वाट बघत ताटकळतात. गाणारा गप्प होतो, नुसता ताल उरतो, तो 'ब्रेक'. मग बाकीचं गाणं ऐकवायचंच कशाला? एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या, एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा, काही सेकंदांची मजा मिनिटं-मिनिटं ताणायची. म्हणजे भाची करत होती तेच. पहिल्या पार्टीच्या वेळी हर्क १८ वर्षांचा होता.

वय सांगितलं, कारण ती माझी खोड आहे. गाणं आवडलं की गाणाऱ्याचं तेव्हा वय काय होतं ते काढल्याशिवाय चैन पडत नाही. रॅपर एलएल कूल जेचा पहिला अल्बम आला तेव्हा तो १७ चा. रकीम १९. नास 'इलमॅटिक' या पहिल्या अल्बमच्या वेळी २०. या वयात मी काय करत होते, हा हिशोब मात्र मांडत नाही.

हिपहॉपचं वेड लावलं मावसभावाने. दादाकडे कुणाकडून तरी भरून आणलेली पब्लिक एनिमी या अमेरिकन रॅप गटाची कॅसेट होती आणि एकच इअरफोन. उजवा कान त्याचा, डावा माझा. मान हलवली की बोंडूक निसटायचं आणि दादा डोळे वटारायचा. शब्द दोघांनाही कळत नव्हते. पण काय गर्दी होती त्या आवाजात! सायरन, कुणाचं तरी भाषण, किंचाळणारा सॅक्सोफोन, ढोलाखाली आणखी एक ढोल. जुन्या तबकड्यांतून कातरलेले तुकडे एकमेकांवर असे रचलेले की भिंत कुठे संपते आणि खिडकी कुठे सुरू होते कळू नये. अर्धी भिंत दादाच्या कानात, हे तर आणखीच जाचायचं.

ती गर्दी खरंच गेली, याबाबतीत मी हट्टाला पेटते. आणि ती काही पोरांच्या आळसाने गेली नाही, अमेरिकेतल्या कोर्टाने घालवली. १९९१ च्या डिसेंबरात रॅपर बिझ मार्कीवर निकाल आला. त्याने गायक गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगी न मिळताच वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या आज्ञेने केली, चोरी करू नकोस. अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि प्रत्येक परवानगीला पैसे. एका गाण्यात डझनभर तुकडे कोंबणं परवडणार कुणाला? चोरी होती की नाही, यावर वकिलांनी भांडावं. मला ती भिंत हवी होती.

बाकी रडगाणं मात्र कायमचंच आहे. 'हिपहॉप बिघडलं' असा गळा रॅपर कॉमनने १९९४ मध्ये काढला. १९९४! आज सगळे उसासे टाकत ज्याला सुवर्णकाळ म्हणतात, त्याच वर्षी. २००६ मध्ये नासने तर अल्बमच्या नावातच हिपहॉपचा मृत्यू जाहीर करून टाकला, आणि पुढे २०२१ मध्ये पहिलंवहिलं ग्रॅमी घेऊन आला, त्याच मेलेल्या संगीतासाठी. फार कशाला, १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट' घ्या, या संगीताचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं. ते म्हणणाऱ्यांतल्या एकाने ब्राँक्सच्याच ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या ओळी जशाच्या तशा म्हटल्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं सुटी सुटी म्हटली होती, तीही तशीच राहिली! ब्राँक्सच्या जुन्या मंडळींनी तेव्हाच कपाळावर हात मारला असणार.

२०२५ च्या ऑक्टोबरात बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसांत एकही रॅप गाणं नव्हतं, १९९० नंतर पहिल्यांदाच. दादाने ती बातमी मला पाठवली, वर 'बघ' एवढंच. पाठवण्यात दुःखापेक्षा समाधानच जास्त दिसलं.

आमच्या सुवर्णकाळावर डाग नाही, हे खरं. पण तो पडायला वेळ तरी कुठे मिळाला? त्या काळचे दोन बडे रॅपर घ्या, टुपाक गेला तेव्हा २५ चा, नोटोरिअस बीआयजी २४ चा. त्यांचे थकलेले, पाट्या टाकलेले अल्बम ऐकायची पाळी आपल्यावर आलीच नाही.

भाची स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिची यादी चाळली. त्यात पॉप स्मोक हा रॅपर होता, वारंवार. सवयीने वय काढलं. फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका भाड्याच्या घरात शिरून त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा तो २० वर्षांचा होता. पुढे ज्या पोराने न्यायालयात त्या खुनाची कबुली दिली, तो त्या रात्री १५ चा.