गोवराचा ताप

उत्तर इस्राएलमधल्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सगळं सामाईक ठेवून राहणाऱ्यांच्या वसाहतीत, मी नव्वदीच्या एका आजींना सांभाळते. अंघोळ, औषधं, जेवणखाण, संध्याकाळचं फिरणं, सगळं माझ्याकडे. गेल्या वर्षी, युद्धांत गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, आजी पहाटेच उठून बसल्या. पांढरा ब्लाऊज इस्त्री केलेलाच हवा, म्हणाल्या.

किबुत्झच्या दफनभूमीत सैनिकांच्या कबरी वेगळ्या रांगेत आहेत. सगळ्या एकसारख्या: उशाला बुटका दगड, वर रोझमेरीची झुडपं, त्या दिवशी प्रत्येकीवर काळी फीत बांधलेला छोटा झेंडा. आजींना जिथे जायचं होतं, त्या कबरीतला मुलगा एकवीस वर्षांचा होता. ऑक्टोबर 1973 च्या युद्धात, सीरियाच्या बाजूच्या गोलान पठारावर रणगाड्यात मारला गेला. त्या युद्धातल्या बऱ्याच जणांना आधी तात्पुरत्या दफनभूमीत पुरलं आणि पुढे आपापल्या गावी आणलं. त्यालाही तसंच आणलं होतं.

मी खुर्ची पुढे ढकलू लागले तर आजी म्हणाल्या, "मागेच थांबव. पुढे घरच्यांची जागा असते."

अकराला भोंगा झाला. दोन मिनिटं सगळा देश उभा राहतो, हमरस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात. आजींनीही उभं राहायचा हट्ट धरला. मी काखेत हात घालून त्यांना पेललं. त्यांचे गुडघे लटलटत होते, पण भोंगा थांबेपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत.

मला वाटलं होतं, शेजाऱ्यांचा मुलगा असेल. परतताना त्या म्हणाल्या, "लहानपणी तो माझ्याकडे होता."

तेव्हा किबुत्झमधली मुलं आईबापांच्या घरी झोपत नसत. सगळी बालगृहात एकत्र वाढायची. दुपारी काम संपलं की आईबाप त्यांना घेऊन जायचे आणि झोपायच्या वेळी परत आणून सोडायचे. भरवणं, न्हाऊ घालणं, शी-शू काढणं बालगृहातल्या बाईकडे. आजी ती बाई. कपडे सामाईक धोबीखान्यात जायचे, म्हणून प्रत्येकाच्या कपड्यावर नंबर असायचा. त्याचा नंबर आजींना अजून तोंडपाठ आहे. औषधाची वेळ त्या विसरतात, तो नंबर नाही.

अशी वाढलेली मुलं लढाऊ तुकड्यांत हिरिरीने जायची. 1967 च्या युद्धात देशाच्या लोकसंख्येत किबुत्झवाले चार टक्क्यांच्या आसपास होते, मेलेल्यांत मात्र जवळपास चौथा हिस्सा त्यांचा. हे मी इथे येऊन ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मुलगा गेला की किबुत्झ त्याच्या नावाने एक पुस्तिका काढायचं: त्याची पत्रं, फोटो, आईवडिलांचं, शिक्षकांचं, सोबत लढलेल्यांचं लिखाण. त्याचीही आहे, आजींच्या उशाशी असते. तिच्यात आजींचं एक अक्षर नाही. कुणी मागितलंच नाही, आणि आपण होऊन पुढे होणं त्यांना बरं वाटलं नाही. जिने त्याला चालायला शिकवलं तिने पन्नास वर्षं मागच्या रांगेत उभं राहायचं, हे मला अजूनही पटत नाही.

त्या दुपारी त्याची धाकटी बहीण घरी आली. तीही आता सत्तरीला टेकलेली. आजींना लांबून उभं राहिलेलं तिने पाहिलं होतं. माझ्यादेखत तिने विचारलं, "तो लहान असताना कसा होता? आईला फारसं सांगता यायचं नाही."

आजी बोलू लागल्या. अंधाराला घाबरायचा. केळं दुसऱ्याने सोललं की खायचा नाही. शेजारच्या खाटेवरचं पोर रडलं की उठून त्याच्याजवळ जाऊन बसायचा. एकदा तापात आजींचं बोट रात्रभर सोडलं नव्हतं. बहीण लिहून घेत होती, मी मध्ये मध्ये पाणी देत होते. जेवण लांबलं, तरी मी त्यांना थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात बहिणीने ती पानं टाइप करून आणली. किबुत्झच्या संग्रहात त्याच्या फाइलमध्ये ठेवणार होती, खाली आजींचं नाव घालून. मी चष्मा दिला. आजींनी सगळं सावकाश वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: तो ताप गोवराचा होता, कांजिण्यांचा नव्हे.