तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ते’ गाणं का नाही?

रॅपरचा ग्रेटेस्ट हिट्स, म्हणजे गाजलेल्या गाण्यांचा संग्रह, निघाला की त्यात नसलेल्या गाण्याचीच चौकशी होते. ‘गाणी तर तयारच असतात, ओळीनं लावायची. मग नेमकं तेच कसं गाळलंत?’ संकलनाचं काम करणाऱ्या कुणालाही हे चुकलेलं नाही. उत्तर दोन वाक्यांत हवं असतं. देऊन पाहिलं, पुरत नाही.

गाणं गाळलेलं नसतं, मिळालेलं नसतं. रॅपमध्ये जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नव्यात वापरतात, तो सॅम्पल. एका सॅम्पलमागे किमान दोन परवानग्या: ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून मास्टरची आणि चाल-शब्दांच्या मालकाकडून पब्लिशिंगची. तीन सॅम्पल असतील तर सहा सह्या. मूळ गाण्याचे चार लेखक चार प्रकाशकांकडे असले, तर मोजायचं सोडून द्या. पाहुण्या रॅपरनं व्हर्स (कडवं) केला असेल तर त्याच्या कंपनीची संमती वेगळी, आणि ती बहुधा त्या एका अल्बमपुरती दिलेली. तुकडा स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला तर मास्टर टळतो, पब्लिशिंग टळत नाही.

१९९१ पर्यंत बरेच जण आधी रेकॉर्ड काढत आणि तक्रार आलीच तर मिटवत. त्या वर्षी गायक गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या ‘अलोन अगेन (नॅचरली)’चा तुकडा वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टाचा आदेश आला आणि ती सोय संपली. पठ्ठ्यानं १९९३ च्या अल्बमचं नावच ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!’ ठेवलं.

पण ज्यांना हा सगळा कागदी छळ वाटतो, त्यांनी डे ला सोल या रॅप त्रिकुटाचं काय झालं ते पाहावं. ‘३ फीट हाय अँड रायझिंग’ आला ३ मार्च १९८९ ला, सॅम्पलांनी खच्चून भरलेला. जुन्या करारांत रेकॉर्ड आणि कॅसेट अशी माध्यमांची नावं घालून परवानग्या होत्या. पुढे निघणाऱ्या माध्यमांची सोय त्यांत नव्हती. सीडीचा काळ निभावला. डाउनलोड आलं, स्ट्रीमिंग आलं, आणि ज्या अल्बमांवर या त्रिकुटाचं नाव उभं होतं तेच बाहेर राहिले. ‘मी मायसेल्फ अँड आय’ माहीत नाही असा रॅपचा श्रोता विरळा, पण नव्या पोराला ते रीतसर ऐकवायचं तर जुनी सीडी शोधायची! १४ फेब्रुवारी २०१४ ला त्यांनी वैतागून आपला साठा २५ तासांसाठी फुकट डाउनलोडला खुला केला. कॅटलॉग २०२१ मध्ये नव्या मालकाकडे गेला, सॅम्पलांची एकेक गाठ सुटत गेली आणि बरोबर चौतीस वर्षांनी, ३ मार्च २०२३ ला, अल्बम स्ट्रीमिंगवर आले. त्रिकुटातला ट्रुगॉय १२ फेब्रुवारीला गेला होता. तीन आठवडेसुद्धा मिळाले नाहीत त्याला. एका करारातल्या चार शब्दांची ही किंमत. आता पुन्हा विचारा, ‘एक गाणं टाकायला असं काय लागतं?’

परवानगी मिळाली तरी कुठली आवृत्ती घ्यायची हा घोळ असतोच. रॅपर टूपॅकच्या ‘ऑल आइज ऑन मी’ अल्बमवर ‘कॅलिफोर्निया लव्ह’चं रिमिक्स आहे, सिंगल (सुटं गाणं) म्हणून गाजलेली मूळ आवृत्ती त्याच्या १९९८ च्या ग्रेटेस्ट हिट्सवर आहे. तिथे दोन सीडींवर २५ गाणी बसली. एका सीडीची मर्यादा ८० मिनिटं, साडेचार मिनिटांची सतराच मावतात. रेकॉर्डवर भारी बास असेल तर एका बाजूला अठरा मिनिटांपुढे आवाज पातळ होऊ लागतो.

आवाजाची पातळी हे वेगळंच दुखणं, कारण जुनी-नवी गाणी शेजारी वाजणार. नव्वदच्या सुरुवातीचं मास्टर साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक, शून्याकडे जावं तसा मोठा) आसपास, २००५ चं उणे ८ च्याही वर. जुनं वर ओढलं की किक (ड्रमचा ठोका) लिमिटरवर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर अडवणाऱ्या यंत्रणेवर, आपटते आणि शब्द मागे दबतात. रॅपमध्ये शब्द दबले तर उरलं काय? म्हणून नवं खाली आणायचं. पण नवं मास्टरिंग म्हणजे नवा आयएसआरसी कोड (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक), म्हणजे स्ट्रीमिंगवरचा आकडा शून्यापासून. कंपनी म्हणते जुनंच चालवा. मग तुम्हीच कळवता, तिसऱ्या गाण्याला आवाज वाढवावा लागतो. स्किटमधून (गाण्यांमधल्या छोट्या संवादातून) थेट सुरू होणारं गाणं ऐन किकवर कापलं तर ‘टक्’ येतो. पाच-दहा मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं) द्यावा लागतो.

नव्या गाण्यांबद्दल माझं मत पूर्वी कडक होतं: हिट्समध्ये नवी गाणी घालणं म्हणजे सगळं आधीच घेतलेल्या चाहत्याला पुन्हा पैसे मोजायला लावणं. रॅपर एमिनेमच्या २००५ च्या ‘कर्टन कॉल’ या हिट्स-संग्रहावर तीन नवी होती. ते मत अजून सोडलेलं नाही. मात्र टूपॅकचं ‘चेंजेस’ त्याच्या हयातीत निघालंच नव्हतं. हिट्सवरच ते पहिल्यांदा आलं आणि आज त्याचं नाव काढलं की आधी तेच आठवतं. हे त्या मतात बसत नाही, आणि बसवायला मला जमलेलंही नाही.

दुसरा वाद मूळ मास्टर मिळत नाही तेव्हाचा. सॅम्पल पुन्हा वाजवून केलेली आवृत्ती घ्यायची की जागा रिकामी ठेवायची? रिकामी ठेवा, असं मी म्हणत असे. आता ‘पुनर्ध्वनिमुद्रित’ असं गाण्याच्या नावाशेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापणार असाल तर घ्या म्हणतो. कंपनीला ती अक्षरं मागच्या बाजूला, बारीक हवी असतात.