दुसऱ्या स्क्रीनपायी पडलेले हेलपाटे

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात जेवायचं टेबल हेच माझं ऑफिस. सकाळी लॅपटॉप, साडेबाराला ताटं, दीडला पुन्हा लॅपटॉप. काम कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या ड्रॉइंगचं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांकडे गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं, त्यावरून मी मॉडेल करतो आणि पॅटर्नचं, म्हणजे ज्याच्यावरून साचा होतो त्या लाकडी नमुन्याचं, ड्रॉइंग काढून देतो. लॅपटॉप १५.६ इंची, गेमिंगचा. ग्राफिक्स कार्डासाठी घेतलेला, असं घरी सांगितलंय.

एका स्क्रीनवर दोन खिडक्या. एकीकडे गिऱ्हाइकाची पीडीएफ, दुसरीकडे मॉडेल, आणि मधे दिवसभर ऑल्ट-टॅब. अशातच एका ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे सुधारलेली प्रत आली. मापं होती तीच, फक्त खालच्या कोपऱ्यातल्या मटेरियलच्या ओळीत ग्रे आयर्नचं स्टील झालेलं. मी मापं ताडून बघितली आणि कोपरा बघायचा राहिला. ग्रे आयर्न थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, स्टील २०. तेवढा पॅटर्न वाढवून करायचा असतो, आणि त्यासाठी मिस्त्रींकडे त्या-त्या धातूची वाढीव मापाची पट्टीच असते. मी १० धरून ड्रॉइंग पाठवून मोकळा झालो. पॅटर्नचे मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी लाकडाला हात लावण्याआधी फोन केला. "आरं, स्टीलला ही पट्टी कुठली लावलीस?" लाकूड वाचलं, माझी लाज गेली. त्या रात्री ठरवलं, ड्रॉइंग कायम डोळ्यांसमोर उघडं राहील अशी दुसरी स्क्रीन घ्यायची, बरोबर नेता येणारी, पोर्टेबल.

घरात त्याच सुमारास दुसरी लढाई चालली होती. भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो. येताना गेम खेळायचा पीएस-४ (प्लेस्टेशन) घेऊन आला. पण टीव्ही संध्याकाळी सात ते साडेदहा आईचा, आणि त्या वेळेत रिमोटला हात लावायची माझीही छाती नाही. "मामा, लॅपटॉपला जोडू की," म्हणून त्यानं एचडीएमआय खुपसून बघितली. काही दिसेना. लॅपटॉपचं एचडीएमआय चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही, हे त्याला पटायला अर्धा तास लागला. म्हणजे स्क्रीन एक आणि उमेदवार दोन.

तेवढ्याच पैशात २४ इंची साधा मॉनिटर का नाही, हे सगळ्यांनी विचारलं. बरोबर आहे, घरात कायमची जागा असेल तर तोच घ्यावा. माझ्याकडे जागा नाही, आणि आठवड्यातून दोनदा मॉडेल दाखवायला फाउंड्रीत जावं लागतं. गाडीवरून. पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेच कामाचं.

पहिली स्क्रीन मी मोबाईलवर बघून मागवली. साडेसात हजार. फोटोत एकच वायर, लॅपटॉपच्या टाइप-सीमधून निघून स्क्रीनमध्ये गेलेली. मला ती एक वायरच आवडली होती. खोकं उघडलं, वायर जोडली, स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं, मग 'नो सिग्नल', मग अंधार. वायर उलटी केली, लॅपटॉप बंद-चालू केला, भाच्यानं तीन व्हिडिओ बघितले. शेवटी स्क्रीन घेऊन राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं तीच वायर स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि लख्ख चित्र आलं.

"स्क्रीन चांगली आहे साहेब. तुमच्या पोर्टातनं चित्रच येत नाही."

सगळी टाइप-सी भोकं दिसायला सारखीच. पण काहींतून फक्त डेटा जातो, काहींतून चार्जिंगही होतं, आणि चित्र जायचं तर त्या पोर्टात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो. पोर्टाशेजारी कधी डी आणि पी जोडल्यासारखं छोटं चिन्ह असतं किंवा थंडरबोल्टची वीज असते. चिन्ह नसलं म्हणून सोय नाहीच असंही नाही. लॅपटॉपच्या मॉडेलचा पूर्ण नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात बघायचं. माझ्या माहितीपत्रकात टाइप-सीपुढे फक्त डेटाचा वेग लिहिला होता. लॅपटॉप घेताना मी रॅम बघितली, कार्ड बघितलं, कीबोर्डचे दिवेसुद्धा बघितले. ती ओळ कोण वाचतो?

वायरचीही तीच गत. मोबाईल चार्जरबरोबर येणारी सी-टू-सी वायर बहुतेक वेळा यूएसबी २.० ची असते. तिच्यातून चार्जिंग होतं, चित्र जात नाही, कारण चित्र ज्या जलद तारांतून जातं त्या तिच्यात नसतातच. दुकानदारानं यूएसबीतून एचडीएमआय काढणारा अडॅप्टरही दाखवला. त्यात चित्र प्रोसेसरकडून दाबून-दाबून पाठवतात. एक्सेलला चालेल, पण मॉडेल फिरवून बघितलं तर माउसच्या मागून चित्र रांगत येत होतं. ठेवला तिथंच.

राहिली एचडीएमआय. ती जोडल्यावर चित्र आलं खरं, पण एचडीएमआयमधून स्क्रीन चालेल एवढी वीज येत नाही. म्हणून दुसरी वायर लॅपटॉपच्या साध्या यूएसबीत घातली. ब्राइटनेस तीसच्या वर नेला की स्क्रीन डोळा मारायची, बंद व्हायची, पुन्हा कंपनीचं नाव. हिशेब साधा आहे: यूएसबी ३.० च्या पोर्टातून नियमाप्रमाणे ५ व्होल्ट आणि ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. अशा स्क्रीनला आठ-दहा वॉट लागतात. मोबाईलचा चार्जर लावला आणि प्रश्न मिटला. पण आता दोन वायरी, एक चार्जर आणि एक प्लगपॉइंट. फोटोतली ती एक वायर कुठल्या कुठे गेली.

तरीही चालवून घेतलं असतं. फाउंड्रीत नेली आणि खरी परीक्षा झाली. तिथल्या ऑफिसची खिडकी पश्चिमेला, दुपारी ऊन थेट टेबलावर. स्क्रीन चकचकीत काचेची आणि उजेडाला कमी. मॉडेलपेक्षा मालकांना त्यात स्वतःचा चेहराच जास्त दिसत होता. आणि तिचा स्टँड म्हणजे घडी घालायचं कव्हर, चुंबकानं चिकटणारं. भिंतीपलीकडे मोल्डिंग मशीन, प्रत्येक ठोक्याला टेबल हादरतं. चौथ्या-पाचव्या ठोक्याला कव्हरची घडी सुटली आणि स्क्रीन चहाच्या कपावर उताणी. कप रिकामा होता, एवढंच नशीब.

परत करायला गेलो तर विकणाऱ्याचा नियम असा, की बिघाड असेल तर बदलून मिळेल, पैसे मिळणार नाहीत. बिघाड तर नव्हताच. हे मागवण्याआधी लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. शेवटी ती एका मित्राला पाच हजारांना दिली. त्याला शेअर बाजाराचे आकडे बघायचे असतात, घरात बसून, पडदे ओढून. त्याला ती लई आवडली.

दुसऱ्या वेळी मी लॅपटॉप, चार्जर आणि भाचा, तिघांना घेऊन दुकानात गेलो. स्क्रीन बघायच्या आधी एका कागदावर लिहिलं होतं: एचडीएमआय पाहिजे, स्वतःचा मागचा पाय पाहिजे, काच चकचकीत नको, ऊन सोसलं पाहिजे. भाच्यानं खाली पेननं लिहिलं, '१४४ हर्ट्झ'.

इथं आमचं जुंपलं. "मामा, ६० हर्ट्झ म्हणजे रंकाळ्यातली पायडलची बोट ओ." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. सेकंदाला ६० ऐवजी १४४ चित्रं आली की पळापळीच्या गेममध्ये फरक डोळ्याला कळतो. पण त्याचा पीएस-४ मुळात सेकंदाला ६० च्या वर पाठवतच नाही, स्क्रीन कितीही हर्ट्झची आणा. आणि मी रात्री खेळतो तो लॅपटॉपच्याच स्क्रीनवर, ती १४४ चीच आहे. म्हणजे चार हजार जास्त मोजून ते हर्ट्झ वापरणार कोण? भाचा म्हणाला, "पुढंमागं पीएस-५ घेतला तर?" मी म्हटलं, घेशील तेव्हा त्याच्याबरोबर स्क्रीनही घे. दुकानदार मधे पडला नाही. शहाणा माणूस.

आमच्यासमोर दोन स्क्रीन होत्या. एक १५.६ इंची, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची. दुसरी १६ इंची, १९२० गुणिले १२००, दोन हजारांनी महाग. आकड्यांत ०.४ इंचाचा फरक, मी पहिलीच उचलणार होतो. मग सहज सॅकमधलं ए-फोर ड्रॉइंग काढून आडवं स्क्रीनवर धरलं. कागद २९७ बाय २१० मिलिमीटर. पहिल्या स्क्रीनची उंची जेमतेम १९४, कागद वरून बाहेर. दुसरीची २१५, पूर्ण कागद आत बसला! रुंदी दोन्हींची जवळजवळ सारखीच, ३४५ च्या आसपास. म्हणजे ए-फोर ड्रॉइंग खऱ्या मापात, एकास एक, अख्खं दिसणार. माझ्यासारख्याला याहून जास्त काय पाहिजे. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

आणखी एक फायदा घरी आल्यावर कळला. १५.६ इंचात १०८० आणि १६ इंचात १२००, दोन्हींत इंचाला ठिपके १४१ च येतात. त्यामुळे खिडकी लॅपटॉपवरून दुसऱ्या स्क्रीनवर ओढली तरी अक्षरं तेवढीच राहतात. दुकानात फोर-के, म्हणजे फार बारीक ठिपक्यांची होती, तिच्यावर टूलबारची चित्रं मोहरीएवढी; स्केलिंग वाढवावं तर दोन स्क्रीनचं प्रमाण वेगळं होतं आणि काही जुनी सॉफ्टवेअर धूसर दिसायला लागतात.

रंगाच्या बाबतीत खोक्यावरचे आकडे फसवे असतात. एकावर ७२ टक्के एनटीएससी, दुसऱ्यावर १०० टक्के एसआरजीबी; दोन्ही साधारण सारखेच, फक्त मोजपट्ट्या वेगळ्या. ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर मात्र तांबडा रंग विटक्या भगव्यासारखा दिसतो. माझी पहिली स्क्रीन त्यातलीच होती. 'एचडीआर' (जास्त उजळ-गडद चित्र) लिहिलंय म्हणून खूश होऊ नये, अडीचशे-तीनशे निटच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) स्क्रीनवर त्या शब्दाला काही अर्थ नसतो. दुकानदाराला विनंती करून स्क्रीन दाराशी उन्हात धरली. ३०० निटची मॅट काच, रेघा वाचता आल्या, फार झकास नाही पण वाचता आल्या. मागे धातूचा पाय आणि ७५ मिलिमीटरची व्हेसाची, म्हणजे स्टँडवर बसवायची भोकं. साडेबारा हजार, पक्कं बिल. तिथंच पूर्ण पांढरं, मग पूर्ण काळं चित्र लावून मेलेला ठिपका आहे का तेही बघून घेतलं.

पहिल्याच संध्याकाळी भाच्यानं पीएस-४ जोडला आणि ओरडला, "मामा, सगळे लंबूटांग झालेत!" त्याच्या फुटबॉल गेममधले खेळाडू बांबूसारखे. १६:९ चं चित्र स्क्रीननं १६:१० मध्ये ताणून भरलं होतं. मेनूत 'अॅस्पेक्ट' शोधून बदललं, वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या आल्या आणि खेळाडू माणसात आले. गेममध्ये त्यानं कोल्हापुरातल्या दोन फुटबॉल टीम स्वतः केल्यात, पाटाकडील आणि शिवाजी मंडळ. आईची मालिका चालू असताना इकडे शाहू स्टेडियम भरलेलं असतं. स्क्रीनचे स्पीकर म्हणजे डब्यात कोंडलेला डास, पण बाजूला हेडफोनची जागा आहे, त्यामुळे घरात शांतता.

तक्रारी आहेतच. मिनी-एचडीएमआयचं भोक नाजूक, वायर लोंबली की चित्र जातं. मी काटकोनी जोड लावून वायर पायाला चिकटपट्टीनं बांधली. फाउंड्रीची काळी धूळ भोकांत जाऊ नये म्हणून रबरी बुचं आणली. लाईट गेली तर २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर स्क्रीन चार-पाच तास निघते, लॅपटॉप मात्र दीड तासात मान टाकतो.

परवा मिस्त्री मामांकडे स्क्रीन घेऊन गेलो. स्टीलचंच काम होतं. ए-फोर ड्रॉइंग एकास एक उघडलं, मुळातलं, न वाढवलेलं. मामांनी चष्मा वर केला, खिशातून आपली पट्टी काढली आणि १०० लिहिलेल्या मापावर, थेट काचेवर धरली.

"किती दिसतंय?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग चुकलंय का तुझं?"

मी पट्टीच्या कोपऱ्यावरचा आकडा बघितला. "न्हाई मामा. पट्टी स्टीलची हाय, वाढीव."

मामा काही बोलले नाहीत. पट्टी खिशात घातली, आणि काच पुसावी म्हणून ग्राफाइटनं माखलेला तळहात स्क्रीनवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.