खांदा वर दिसला तिथून

शाळा उघडायच्या तोंडावर नंदगडच्या टेलर काकूंनी माझ्या लेकीचं माप घेतलं. टेप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "वहिनी, हिचा उजवा खांदा वर हाय बघा की." पोरगी बारा वर्षांची. पाठ दुखत नव्हती, दिवसभर हुंदडायची. सासूबाईंनी दोष दप्तराला दिला. माझ्या डोक्यातून ते जाईना.

संध्याकाळी तिला पाठमोरी उभी केलं. उजव्या बाजूचा फरा (खांद्यामागचं चपटं हाड) जास्त वर आलेला. हात मोकळे सोडले की हात आणि कमर यांतली फट दोन्हीकडे सारखी नव्हती. मग पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळवे जोडून पुढं वाकायला सांगितलं. पाठीच्या उजव्या बाजूला बरगड्यांचा उंचवटा स्पष्ट दिसला, आणि माझ्या पोटात गोळा आला.

बेळगावला अस्थिरोग डॉक्टरांनीही तिला आधी तसंच वाकवून बघितलं, मग उभं करून पूर्ण कण्याचा एक्स-रे काढला. त्यांनी समजावलं, की हा कण्याचा बाक आहे, यात मणके नुसते बाजूला कलत नाहीत, स्वतःभोवती पिळतातही. त्यांच्याबरोबर बरगड्या फिरतात, म्हणून तो उंचवटा. एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन १० अंश किंवा जास्त असला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. तिचा २८ भरला. दप्तरानं किंवा वाकून बसल्यानं हे होत नाही, या वयात बहुतेकांत कारण सापडतच नाही, हे त्यांनी सासूबाईंसमोर सांगितलं ते फार बरं झालं. मालिशीचा विषयही तिथंच संपला.

हाडं वाढत असताना बाक झपाट्यानं वाढू शकतो, मुलींमध्ये जास्त. २५ ते ४० अंशांत, वाढ शिल्लक असेल तर धडाभोवती घालायचा पट्टा (ब्रेस) देतात. ४५-५० च्या पुढं शस्त्रक्रियेचा विचार होतो. पट्टा कणा सरळ करत नाही, बाक वाढू देत नाही, आणि दिवसातले बरेच तास घालावा लागतो. आत सुती बनियन घातली की काचत नाही. तरी उन्हाळ्यात तिला फार जड जातं, आणि तिनं ते निमूट सोसावं असं मला वाटत नाही. रडू आलं तर रडू देते.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही दिसलं तर वाट बघत थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. हा बाक घराण्यातही चालतो, म्हणून धाकटीलाही मी अधूनमधून वाकवून बघते.