बाबांच्या एलपींसाठी घरी केलेलं टर्नटेबल

बाबांच्या ट्रंकेत चाळीसेक एलपी कित्येक वर्षं पडून होत्या, त्यात भीमसेनजींच्या सहा. चांगलं टर्नटेबल परवडत नव्हतं आणि त्या स्वस्त सूटकेसवाल्या प्लेअरवर या रेकॉर्ड लावायची माझी तयारी नव्हती, म्हणून शेवटी घरीच करायला घेतलं. सगळं मिळून चौदा हजारांत बसलं.

कोणी करणार असेल तर आधी एकच सांगतो, पैसे बेअरिंगवर, म्हणजे रेकॉर्डची तबकडी ज्यावर फिरते त्यावर घाला. मी पहिल्यांदा बाजारातलं तयार बॉल बेअरिंग लावलं, हाताने फिरवलं की मस्त गुळगुळीत वाटायचं, पण सुई टेकवली की आलापाच्या मागे सतत घरघर. सुई खाचेतली अगदी मायक्रॉनमधली हालचाल उचलते ना, तिला काय, गाणं काय आणि बेअरिंगची थरथर काय, सगळं सारखंच. मग ते काढलं आणि भोसरीत एका लेथवाल्या मामांकडून गनमेटलचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) करून घेतला, त्यात १० मिमीचा कडक स्टीलचा शाफ्ट, खाली टेकायला सायकलचा एक छर्रा आणि चार थेंब तेल, बस. मामांनी शाफ्ट बुशमध्ये सोडला तर तो खाली पडलाच नाही, आतल्या हवेवर हळूहळू बसत गेला. मामा म्हणाले, "आता वाजव जा." घरघर गेली ती गेलीच.

प्लिंथला, म्हणजे खालच्या पायाला, ओट्याचा कडप्पा घेतला, जड आणि स्वस्त, भोक फरशीवाल्याने पाडून दिलं. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, ३०० मिमीचा अ‍ॅक्रिलिकचा. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) मात्र जुना तयार घेतला, तिथे हात घालायची माझी हिंमत नव्हती. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, ऑडिओ-टेक्निकाचं एटी३६००एल, त्याला रेकॉर्डवर अडीच ते साडेतीन ग्रॅम वजन लागतं, ते छोट्या काट्यावर मोजूनच लावा, अंदाजाने नको.

मोटर २५० आरपीएमची (मिनिटाला २५० फेरे) सिंक्रोनस, लाइटच्या ५० हर्ट्झवर चालते त्यामुळे स्पीड हलत नाही. एलपीला मिनिटाला ३३⅓ फेरे लागतात, त्यासाठी प्लॅटर आणि मोटरची पुली साडेसातास एक, म्हणजे पुली ४० मिमीची, असा हिशोब केला आणि सूर चढलेला आला, पेटी लावून बघितली तर स्पष्ट कळलं. १८० रेघांची स्ट्रोब चकती (लुकलुकत्या उजेडात स्पीड बरोबर असेल तर हिच्या रेघा थांबलेल्या दिसतात) चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ठेवली तर रेघा पुढे पळत होत्या. चूक बेल्टच्या जाडीची, तो १ मिमी मी धरलाच नव्हता! मामांनी पुली ३९.१ वर आणली, रेघा जागेवर थांबल्या आणि त्या रात्री बाबा दोन्ही बाजू संपेपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत.

आता ४५ आरपीएमच्या रेकॉर्डसाठीची पुली राहिलीय, हिशोबाने ५३.२ मिमी येते, बेल्ट धरून. रविवारी परत मामांकडे जातोय.