डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

साईट लाईव्ह झाली एकदाची. आता जो तो विचारायलाय की कितीला पडली, कुणाकडून करून घेतली, आणि कुणाकडूनच नाही म्हटलं की समोरच्याला वाटतंय हा काहीतरी लपवायलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की झालं.

साईट आहे बारवांची, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायच्या जुन्या विहिरींची. परभणीकडच्या वालूरची ती गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आता बऱ्याच जणांना माहीत झालीय, चारठाण्याला जुनी देवळं बघायला लोक जातात, पण गावोगाव काट्याकुट्यात बुजलेल्या, कचऱ्यानं भरलेल्या बारवांकडं कोण बघतंय? मी फिरता फिरता फोटो काढत गेलो, पायऱ्या मोजत गेलो, पारावरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत गेलो, आणि ते सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून मोकळा. भाचा नांदेडला कॉम्प्युटर शिकायलाय. तो एकदा म्हणला, "मामा, तुम्ही मागं त्या बारवेतल्या शिलालेखाचा फोटो टाकला होता ना, तो काढा बरं आत्ता." काढा म्हणं! चहा, गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि निवडणुकीच्या ढिगाऱ्यातून तो कुठून काढायचा.

तर साईट करायची ठरली. आता सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, बाकीचं नाही वाचलं तरी चालंल. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेन म्हणजे साईटचं नाव, आणि होस्टिंग म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या कुणाच्यातरी कॉम्प्युटरवर फाईली ठेवायला भाड्यानं घेतलेली जागा. होस्टिंग कधीही बदलता येतं, सर्व्हिस नाही आवडली तर सगळा डेटा उचलायचा आणि दुसऱ्या कंपनीकडं न्यायचा, वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. डोमेनचं तसं नाही. ते ज्याच्या नावावर, ज्याच्या ईमेलवर रजिस्टर झालंय तोच मालक. सरळ सातबाऱ्यासारखं आहे, जमीन तुम्ही कसा, नांगरा, पण उतारा दुसऱ्याच्या नावावर असंल तर बोंबलत बसायचं.

हे एवढं तिखट मीठ लावून का सांगायलाव तर ओळखीतल्या एका बी-बियाणांच्या दुकानदार काकांचं झालंच तसं. साईट करून देणारा एक पोरगा होता, गुणी होता, कामही चांगलं केलं, पण डोमेन, होस्टिंग सगळं घेतलं स्वतःच्या मेलवरून. काकांनी पैसे रोख दिले आणि विषय संपला. पुढं पोरगा नोकरीला पुण्याकडं गेला, नंबर बदलला, रिन्यूअलचे मेल त्याच्या कुठल्यातरी जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहिले, आणि एक दिवस डोमेन एक्स्पायर. डॉट कॉमचं नाव संपल्यावर लगेच हातातून जात नाही, आधी कंपनी थोडे दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देते, मग 30 दिवसांचा एक काळ असतो ज्यात नाव सोडवून घेता येतं पण दंडासकट, आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं होतं. म्हणजे वाचवायला वेळ होता. पण सांगणार कोण आणि कुणाला, मेल तर काकांकडं येतच नव्हते. पावतीपुस्तकावर, पिशव्यांवर, दुकानाच्या पाटीवर ते नाव छापलेलं, आणि आता ते उघडलं की भलत्याच भाषेतल्या जाहिराती येतात. "अहो पण पैसे तर मी भरले होते," काका अजून म्हणतात. इथं पैसे भरणाऱ्याला कुणी विचारत नाही, अकाउंट कुणाचं ते बघतात.

म्हणून साईट कुणाकडूनही करून घ्या, भाच्याकडून घ्या नाहीतर पुण्या-मुंबईच्या कंपनीकडून, पण डोमेन स्वतः घ्या. आपला मेल, आपला मोबाईल नंबर, लॉगिनला ओटीपी चालू, ऑटो रिन्यूअल चालू. आणि घेतल्यावर एक मेल येतो की पत्ता खरा आहे का ते क्लिक करून सांगा, तो जाहिरात समजून सोडू नका. डॉट कॉमसारख्या नावांना ते 15 दिवसांत केलं नाही तर नाव बंद करून ठेवू शकतात.

मी डॉट इन घेतलं. त्याचा सगळा कारभार निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया बघते. खरं तर माझी हौस वेगळीच होती, नाव देवनागरीत घ्यायचं, पुढं डॉट भारत. ते 2014 पासून मिळतं आणि दिसायला लै झकास दिसतं. पण नावांची जी यंत्रणा आहे तिला आतून इंग्रजी अक्षरंच लागतात, म्हणून देवनागरी नावाचं एक्सएन पासून सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत रूपांतर होतं, त्याला प्युनिकोड म्हणतात. ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा नाव मराठीत दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडं पेस्ट केलं की बऱ्याच ठिकाणी ती एक्सएनवाली ओळ येते आणि वाचणाऱ्याला वाटतं फ्रॉड लिंक आहे. शिवाय फोनवर सांगायचं म्हणजे समोरच्याकडं मराठी कीबोर्ड पाहिजे, मग वेलांटी पहिली का दुसरी, अनुस्वार आहे का. इंग्रजीतही भानगड आहेच म्हणा, आपल्या 'व' ला कुणी व्ही लावतं कुणी डब्ल्यू, त्यामुळं नाव असं निवडा की ज्यात हा प्रश्नच येणार नाही. मला नाही तसं सापडलं, म्हणून दोन्ही स्पेलिंगं घेऊन एकावरून दुसऱ्यावर वळवलंय.

होस्टिंगच्या जाहिराती बघितल्या की वाटतं फुकटच वाटायलेत. महिन्याला अमुक रुपये असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण तो भाव तीन नाहीतर चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर, वरून 18 टक्के जीएसटी वेगळा, आणि मुदत संपल्यावर रिन्यूअलचा भाव बारीक अक्षरात खाली, तो दुप्पट तिप्पट सुद्धा असतो. मी म्हणतो पहिल्या वर्षाचा आकडा बघूच नका, रिन्यूअलचा बघा, तोच खरा भाव. पैसे भरायच्या पानावर काही जास्तीच्या सर्व्हिसेसना आधीच टिक केलेली असते ती काढून टाका. आणि अनलिमिटेड वगैरे काही नसतं, जागा अनलिमिटेड म्हणतात आणि फाईलींच्या संख्येवर मर्यादा ठेवतात, तिला आयनोड म्हणतात, त्यात साईटच्या बारक्या सारक्या फाईलीच काय आलेले मेल सुद्धा मोजले जातात. सर्व्हर कुठं आहे तेही विचारा, माझे वाचणारे परभणी, जालना, संभाजीनगर, पुणे इकडचेच, मग अमेरिकेतला सर्व्हर घेऊन काय करू, मुंबईचा घेतला.

नुसती साधी पानं टाकायची असतील, रोज काही बदलायचं नसंल, तर होस्टिंगला पैसे घालायची गरजच नाही. गिटहब पेजेस म्हणून एक सेवा आहे, तिथं 1 जीबीपर्यंतची साईट फुकट ठेवता येते, डोमेन आपलं जोडता येतं. भाच्याचं तेच म्हणणं होतं. पण मला वर्डप्रेस, म्हणजे कोड न लिहिता साईट चालवायचं सॉफ्टवेअर, पाहिजे होतं, कारण आमचे एक रिटायर गुरुजी आहेत जे नोंदी लिहिणार आहेत, त्यांना लॉगिन करून टाइप करून बटन दाबता आलं पाहिजे, त्यांना गिटहबसाठी लागणारं गिट शिकवायला बसलो असतो तर गुरुजींनी मलाच कोंबडा केलं असतं.

डोमेन एकीकडं आणि होस्टिंग दुसरीकडं घेतलं की दोघांची गाठ घालून द्यावी लागते. होस्टिंगवाले दोन नेमसर्व्हर, म्हणजे साईट कुठं ठेवलीय ते सांगणाऱ्या सर्व्हरची नावं, देतात, ते डोमेनच्या अकाउंटमध्ये जाऊन टाकायचे, एवढंच काम. मग थांबायचं. इथं लोक घाबरतात, कारण भाच्याच्या मोबाईलवर साईट दिसायली आणि माझ्या लॅपटॉपवर अजून डोमेनवाल्या कंपनीचं कोरं पान. बिघडलेलं काही नसतं, प्रत्येक नेटवाला जुना पत्ता काही वेळ लक्षात ठेवतो आणि किती वेळ ठेवायचा ते त्या नोंदीवरच सेकंदांत लिहिलेलं असतं. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरना 172800 सेकंद, म्हणजे 2 दिवस. सीपॅनल म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान, त्यातल्या साध्या नोंदींना सहसा 14400 म्हणजे 4 तास. तेवढ्यात उगं सेटिंग बदलत बसलं की मग खरंच बिघडतं. नेमसर्व्हर टाका आणि बाजारात जाऊन या.

वर्डप्रेस टाकणं काहीच नाही, सीपॅनलमध्ये एका क्लिकवर होतं, मराठी भाषाही निवडता येते. युजरनेम फक्त ॲडमिन ठेवू नका, जगभरातले बॉट तेच नाव घेऊन दिवसरात्र दार ठोठावत असतात.

आता फोटो. ते मी झिप करून सीपॅनलच्या फाईल मॅनेजरमधून पब्लिक एचटीएमएल नावाच्या फोल्डरमध्ये टाकले आणि तिथंच एक्स्ट्रॅक्ट केले, एकेक टाकत बसलो असतो तर लाईट गेली की परत पहिल्यापासून. मोबाईलचा फोटो चार पाच एमबीचा असतो, तो आधी लहान करा, दोन अडीचशे केबीत बारवेची पायरी न पायरी दिसती आणि गावात एका काडीच्या नेटवर बघणाऱ्याचा जीव जात नाही. अजून एक, विंडोजच्या लॅपटॉपवर फाईलच्या नावात मोठी एबीसीडी का लहान याला काही फरक पडत नाही, पण होस्टिंगचा सर्व्हर बहुतेक लिनक्सचा असतो आणि त्याला पडतो. कॅमेरा शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये लिहितो, आपण पानात लिहितो लहान, मग घरी सगळे फोटो दिसतात आणि साईटवर 404, म्हणजे फाईल सापडली नाही. सगळी नावं आधीच लहान अक्षरात करून घेतली, मधली स्पेस काढली, की ही कटकटच राहत नाही.

खरा घाम मजकुरानं काढला. गुरुजींच्या जुन्या नोंदी डीटीपीवाल्याकडं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉण्टच्या सॉफ्टवेअरवर टाइप केलेल्या. छापायला ते ठीक, पण साईटवर पेस्ट केलं की नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा काला, कारण त्या जुन्या फॉण्टात इंग्रजी चिन्हांच्या जागेवरच मराठी आकार बसवलेले असतात. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारखं दिसणाऱ्या मराठीत, आणलं तर नव्वद टक्के येतं आणि उरलेलं दहा टक्के डोळे फोडतं. त्यात सगळ्यात वाईट हाल 'ऱ्य' चे. आणि बारवांच्या नोंदीत पायऱ्या, ओवऱ्या, कोपऱ्यात, दुसऱ्या यांच्याशिवाय आहे काय दुसरं! कुठं 'पायर्या' झालं, कुठं नुसता 'पाया'. पायऱ्या मोजून लिहिलेल्या माणसाच्या पायऱ्या अशा गायब झाल्यावर गुरुजी फोनवरून जे बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी वाचत बसून दुरुस्त करण्याला पर्याय नाही, गुरुजी आणि मी आलटून पालटून करायलाव.

लेखाच्या लिंकचंही एक बघा. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरूनच पत्ता बनवतं, पण देवनागरीचं एकेक चिन्ह म्हणजे यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाईट, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाईटचे टक्क्याच्या चिन्हासकट 3 कॅरॅक्टर, म्हणजे एका चिन्हाला 9. पत्त्यासाठी जागा 200 ची, त्यात बावीसच चिन्हं बसतात, काना मात्रा वेलांटी सगळं धरून. लांब शीर्षक असलं की मधेच तुटतं आणि व्हॉट्सॲपवर टक्क्या-टक्क्यांची गोधडी जाते. मी पत्त्याच्या जागी गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहितो, आणि शीर्षक पाहिजे तेवढं लांब मराठीत.

एसएसएल, म्हणजे साईटच्या पत्त्याला एचटीटीपीचं एचटीटीपीएस करणारं सर्टिफिकेट, विकत घेऊ नका हो. 2018 पासून क्रोम एचटीटीपीवाल्या साईटपुढं नॉट सिक्युअर लिहितं, त्याची भीती घालून लोक हजार दोन हजार काढतात. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, 90 दिवसांचं असतं आणि चांगल्या होस्टिंगवर आपोआप रिन्यू होतं. वैयक्तिक साईटला त्याच्यापुढं काही लागत नाही. होस्टिंग घेतानाच विचारायचं, फुकट एसएसएल आहे का, नाही म्हणले की पुढचं दुकान.

बॅकअप होस्टिंगवाले घेतात म्हणून निवांत बसू नका, महिन्यातून एकदा फाईली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो. नुसत्या फाईली घेतल्या तर फोटो वाचतात आणि लिहिलेलं सगळं जातं, कारण वर्डप्रेसचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो.

राहिला मेल. डोमेनच्या नावाचा ईमेल होस्टिंगसोबत मिळतो आणि तो मिळाल्यावर माणूस लै खूष होतो, मीही झालो, पण पाठवलेला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जायला नको असंल तर एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या, दोन नोंदी डोमेनला लावाव्या लागतात. सीपॅनलमध्ये ईमेल डिलिव्हरेबिलिटी म्हणून पान आहे, तिथं दोन्ही हिरवं दिसतंय का बघा. कुणाच्या गावात बारव असंल तर त्याच पत्त्यावर फोटो पाठवा, व्हॉट्सॲपवर नको, आणि फोटोसोबत गाव, तालुका आणि पायऱ्या किती ते लिहा, युनिकोडमध्ये.