मदतीनं नुकसान होतं का?

गुन्हेगारीवर पीएचडी करतेय म्हटलं की समोरचा हटकून विचारतो, "शिक्षा कडक करायला हवी ना?" पकडलं जाण्याची खात्री शिक्षेच्या कडकपणापेक्षा जास्त धाक घालते, एवढं सांगून मी तो विषय मिटवते. मला खरा छळतो तो दुसराच प्रश्न, मदतीचा.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलगे. वय, घर, स्वभाव पाहून जोड्या लावल्या आणि नाणेफेक करून जोडीतल्या एकाला मदत दिली: घरी येणारे समुपदेशक, शिकवणी, उपचार, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला यातलं काही नाही.

मदत थांबल्यावर तीसेक वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांना शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी "फायदा झाला" असंच सांगितलं. नोंदी मात्र उलट बोलत होत्या. पुन्हा गुन्हा करणं, दारूच्या व्यसनाची लक्षणं, अकाली मृत्यू, सगळं मदतीच्या गटातच जास्त! पुढच्या विश्लेषणात बोट गेलं ते शिबिरांकडे. जी मुलं एकापेक्षा जास्त वेळा गेली, त्यांचंच जास्त बिघडलं. वांड पोरं एकत्र आली की एकमेकांच्या करामतींना टाळ्या देतात, असा अंदाज आहे. (शाळेत मागच्या बाकावर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

म्हणून "सहभागी समाधानी आहेत" असा अहवाल हाती आला, की मी आधी विचारते: तुलनेचा गट कुठाय? बैठकीत लगेच चुळबुळ सुरू होते.